दस्त्यातलं वजन

माझा धाकटा भाऊ डेल्मर अखेरपर्यंत माझ्याशी एकाच गोष्टीवरून भांडत राहिला: त्याच्या मुलीच्या रायफलीच्या दस्त्यात कोणतं वजन असायला हवं होतं. त्याचा उजवा हात कोपराखाली नव्हता, म्हणून तो डाव्या हातातला काटा माझ्यावर रोखायचा. रविवारी चर्चहून परत आलो, ताटात चवळी आणि मक्याचा पाव पडला, की झालं सुरू.

"ताई, जड वजन असतं तर पहिलीच गोळी छातीत गेली असती."

"आणि नसती गेली तर?"

"गेली असती."

"पण नसती गेली तर, डेल्मर?"

"तू ना, नवरा बंदुका दुरुस्त करायचा म्हणून स्वतःला बंदुकांची डॉक्टर समजतेस."

शॉना, त्याची मुलगी, आम्हा दोघांच्या ताटात वाढत राहायची.

माझा नवरा हॉलिस खरोखरच बंदुका दुरुस्त करायचा. तो गेल्यावर घरामागची शेड मीच चालवली, आणि त्याच्या हयातीतही बारीक काम माझ्याकडेच असे, कारण त्याची बोटं जाड होती. आजही त्या शेडचं दार उघडलं की तेलाचा आणि तासलेल्या लाकडाचा वास येतो आणि वाटतं, तो आता मान वर न करता म्हणेल, "ओलेटा, तो बारीक पंच कुठं ठेवलास?" कॉफीच्या एका जुन्या डब्यात तो रायफलींचे बफर, म्हणजे दस्त्यात बसणारी वजनं, ठेवायचा. अंगठ्याएवढे, वरून सगळे सारखेच दिसणारे. कानाशी धरून हलवायचा. आतल्या तुकड्यांच्या टकटकीवरून हलका कोणता, जड कोणता ते सांगायचा. मलाही ते हळूहळू येऊ लागलं.

शॉना माहेरी परतली तेव्हा पिकानची, अक्रोडासारखी, फळं झाडांवरून झोडपायचे दिवस होते. तिच्या नवऱ्याने, लायलने, तिला पिकअपच्या दारात उभी धरून ते दार तिच्यावर आपटलं होतं. एकदा आपटून तो थांबला नव्हता. तिचं उजव्या बाजूचं गळ्याखालचं हाड मोडलं आणि वाकडं जुळलं. कातडीखाली पिकानएवढा उंचवटा कायमचा राहिला. कोर्टाने लायलला तिच्या जवळ फिरकायची मनाई केली होती. त्याने फोन करून तिला तो हुकूम वाचून दाखवला आणि हसला.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, रस्त्याकडेच्या कुरणात शॉनाची घोडी मेलेली सापडली. गोळी डोक्यात घातली नव्हती, पोटात घातली होती. तिला मरायला वेळ लागावा म्हणून. घोडीने खुरांनी उकरलेली माती वाफ्यासारखी दिसत होती. त्या संध्याकाळी फोन वाजला तो मीच उचलला.

"ओलेटाआत्या, तिला सांगा, पुढची पाळी तिची," लायल शांतपणे म्हणाला. "बापाच्या घरातून केसाला धरून नेईन. नाही आली तर त्याच्याच अंगणात पुरेन."

शेरीफचं ठाणं काउंटीच्या दुसऱ्या टोकाला होतं. त्या दिवसापासून आमच्यापुढे एकच प्रश्न होता: तो येईल तेव्हा शॉना त्याला थांबवू शकेल का?

शॉटगन तिच्या खांद्याला झेपण्यासारखी नव्हती. पिस्तूल तिच्या हातात थरथरायचं. डाव्या खांद्यावरून नेम धरावा तर डाव्या डोळ्याने तिला लहानपणापासून धड दिसत नसे. राहिली डेल्मरची आखूड रायफल. एकदा चाप ओढला की एक गोळी, आणि पुढचं काडतूस आपोआप तयार. ते तयार कसं होतं ते सांगते, कारण सगळं भांडण तिथंच आहे. गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा वायू आतल्या लोखंडी बोल्टला मागे ढकलतो. बोल्ट मागे जाताना रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवं काडतूस उचलून नळीत बसवतो. त्याला मागून अडवायला दस्त्यात एक स्प्रिंग असते आणि तिच्या तोंडाशी हा बफर. बफर हलका असला तर बोल्ट आपटत मागे येतो आणि धक्का खांद्यात घुसतो. जड असला तर बोल्ट सावकाश येतो, खांद्याला सुख वाटतं. पण फार जड झाला तर बोल्ट अर्ध्या वाटेतूनच परत फिरतो, काडतूस उचलत नाही, आणि तुमच्या हातात लोखंडाची काठी उरते.

डेल्मरला तिचा खांदा दिसत होता. त्याने बागेमागच्या मातीच्या चढावर दुपारच्या उन्हात, नुसत्या सदऱ्यावर फिरता येईल अशा उबेत, एकेक बफर घालून पाहिला. पद्धत आमच्याकडची जुनीच. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरायचं, झाडायचं, आणि बोल्ट मागे अडकून उघडा राहिला तर वजन चाललं म्हणायचं. मग पुंगळ्या कुठे पडल्या ते बघायचं. हलक्या बफरने त्या पुढे लांब उडाल्या. सगळ्यात जड बफरने त्या त्याच्या बुटाशी येऊन पडल्या.

"बघ, मांजराने उंदीर आणून टाकावा तशा," तो म्हणाला.

मग त्याने रायफल शॉनाकडे दिली. तिने एक गोळी झाडली, थांबली, आमच्याकडे पाहिलं. समोर ठेवलेला बीन्सचा रिकामा डबा वरच्या वर उडाला होता. परत आल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"बाबा, हे तर काहीच नाही."

"काहीच नाही ना? मग झालं तर."

त्याच संध्याकाळी रानडुकरं बागेत शिरली. डेल्मरने तिला पुढे घातलं. पहिलं डुक्कर मानेत गोळी खाऊन जागच्या जागी बसलं. कळप फुटला, तशी ती एकामागून एक झाडत गेली आणि डोळे उघडे ठेवून झाडत गेली. एक मादी मागचे पाय ओढत कुंपणापर्यंत गेली, किंचाळत होती. डेल्मर सुरी काढून निघाला तर शॉना म्हणाली, "थांबा, मी करते," आणि जवळ जाऊन कानामागे गोळी घातली. परत येताना तिच्या बुटांवर रक्त आणि चिखल होता, आणि ती भूक लागली म्हणाली.

घरी आल्यावर डेल्मरने रायफलीच्या तोंडावरची आवाज दाबणारी लांब नळी पिळून काढली. आम्ही तिला डबा म्हणतो. डुकरांवर जाताना तो लावतात, म्हणजे गुरं बुजत नाहीत. घरातल्या बोळकांडीतून एवढी लांब बंदूक वळली नसती, म्हणून त्याने डबा कपाटात ठेवला आणि रायफल मागच्या खोलीच्या दाराशी उभी केली.

मी हात पुसत म्हणाले, "डेल्मर, तू वजन ठरवलंस तेव्हा डबा लावलेला होता."

"मग?"

"डबा असला की वायू कोंडतो आणि बोल्टला जोर जास्त मिळतो. आता तो काढलास. शिवाय काडतुसं तू स्वतः भरलेली, दारू ठासून. आणि दिवस उबेचा; गारठ्यात तेल घट्ट होतं आणि बोल्ट जड चालतो."

"ताई, चाललीय ती. डोळ्यांनी बघितलंस ना?"

"मी बघितलं ते डुकरांवर बघितलं."

दुसऱ्या दिवशी मी ती रायफल माझ्याकडे नेली आणि रात्रभर डीप फ्रीझरमध्ये हरणाच्या मांसावर आडवी ठेवली. हॉलिस हे करायचा. कुणी नवी बंदूक घेऊन आलं की तो म्हणे, ही उन्हाळ्यातली झाली, आता हिवाळ्यातली दाखवतो. सकाळी डेल्मर शॉनाला घेऊन आला आणि फ्रीझर उघडून उभा राहिला.

"वा. नाताळच्या जेवणाला रायफल भाजणार का?"

"दुकानातली साधी काडतुसं भर," मी शॉनाला म्हणाले. "डबा नाही लावायचा. आणि खांद्याला घट्ट दाबू नकोस. कुणी तुला ढकलून दिलंय आणि तू पडता पडता झाडतेयस, असं धर."

"असं कोण धरतं?" डेल्मर म्हणाला.

"जिला ढकललेलं असतं ती," शॉना म्हणाली.

तिने झाडली. मग पुन्हा चाप ओढला. टक. नुसतं टक. बोल्ट मिटलेला होता आणि नळी रिकामी. तिने रायफल खाली घेतली. कालचं हसू तिच्या चेहऱ्यावरून कुणीतरी पुसून टाकावं तसं गेलं.

मधलं वजन घालून पाहिलं, ते कधी चाललं, कधी नाही. मग मी मूळचं हलकं घातलं. ते प्रत्येक वेळी चाललं, पण दुसऱ्याच गोळीला शॉनाने ओठ चावला आणि तिसरीला डोळे मिटले. गोळी खाली डावीकडे मातीत गेली.

"हे बघ," डेल्मर म्हणाला. त्याचा आवाज चढला. "ही आता आंधळी गोळी झाडणार. तो समोर उभा असेल आणि ही जमिनीत पेरणी करणार. जड वजन ठेव, ताई, पहिल्याच गोळीत काम होईल. तिला दुसरीची गरजच पडणार नाही."

"आणि पडली तर ती काय करेल, दस्त्याने मारेल त्याला?"

"तू तिच्या खांद्याकडे बघत नाहीस."

"तू त्याच्याकडे बघत नाहीस."

आम्ही असे तिच्या डोक्यावरून भांडत होतो आणि ती मागच्या पायरीवर बसून खांदा चोळत होती. मग ती म्हणाली, "मी एकदा त्याला बिडाच्या तव्याने मारलं होतं. इथं, कानावर. पडला. मला वाटलं, मेला. मी गाडीची किल्ली शोधायला लागले. तेवढ्यात मागून हात आला."

तिने डेल्मरकडे पाहिलं.

"एकदा पाडून तो पडत नाही, बाबा. हलकं वजन राहू दे."

डेल्मरने त्यावर वाद घातला नाही. घरी गेल्यावर त्याने स्वतःच्या जुन्या रजईसारख्या जाकिटाचा तुकडा कापला आणि शॉनाच्या सदऱ्याच्या खांद्यावर आतून शिवून दिला, स्वतःच्या हाताने, जाड दोऱ्याने. त्याचे ते शेवटचे टाके. ती रोज चढावर जायची. खांदा आधी जांभळा झाला, मग हिरवा, मग पिवळा, आणि त्यावर पुन्हा जांभळा. डोळे मिटायची सवय कमी झाली, पण पहिल्या गोळीला पापणी हलायचीच.

जानेवारीत गोठणारा पाऊस आला. सकाळपर्यंत प्रत्येक फांदी काचेत घातल्यासारखी झाली आणि त्या वजनाने पिकानची झाडं मोडू लागली. मोडताना हुबेहूब बंदुकीसारखा आवाज होतो. धाड, आणि मागोमाग जमिनीवर काच फुटल्याचा खळखळाट. माझ्या घरची वीज गेली म्हणून डेल्मरने मला त्याच्याकडे आणलं होतं. त्याच्याकडे लाकडांची शेगडी होती. मी ग्रेव्ही ढवळत होते. शॉना मागच्या गार खोलीत केस विंचरत होती. बाहेर पुन्हा धाड झालं.

"ती मोठी फांदी गेली," डेल्मर म्हणाला. "माझ्या पिकअपवर नसली म्हणजे मिळवली."

ती फांदी नव्हती. खळखळाट झाला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं तोवर डेल्मरने दार उघडलं होतं. अंगणात आमची कुत्री डचेस आडवी पडली होती आणि तिच्याभोवतीचा बर्फ तांबडा होत होता. दारात लायल उभा होता. गाडी कुठेतरी खड्ड्यात घालून तो बर्फावरून पडत धडपडत चालत आला होता, दोन्ही गुडघे फुटलेले, मिशीत बर्फ. शॉटगनच्या दस्त्याने त्याने डेल्मरच्या तोंडावर घाव घातला. दात फरशीवर पडल्याचा आवाज मी ऐकला. डेल्मर गुडघ्यांवर आला तसा दुसरा घाव डोक्यात बसला आणि तो आडवा झाला.

लायलने माझ्याकडे पाहिलं. त्याची रीतभात कधी सुटली नव्हती.

"ओलेटाआत्या, ग्रेव्ही करपेल. तुम्ही ढवळत राहा."

आणि मी ढवळत राहिले. शॉटगनचं तोंड माझ्या पोटाकडे होतं.

"शॉना," त्याने हाक मारली, "चल बाहेर. नाहीतर आधी तुझ्या बापाचं डोकं उडवतो, मग आत्याचं."

बोळकांडीच्या तोंडाशी ती आली. पायात मोजे, केस अर्धे विंचरलेले, अंगात झोपायचा पातळ झगा. जाकिटाचा तुकडा लावलेला सदरा खुंटीवर होता. रायफल तिच्या उघड्या खांद्याला लागलेली होती, त्या उंचवट्यावरच.

लायल हसला. "ठेव ते खाली. चाप ओढताना तू डोळे मिटतेस. बीअरच्या डब्यांवर मीच शिकवलंय तुला."

तिने गोळी झाडली आणि तिची पापणी मिटलेली मला दिसली. गोळी खाली गेली. त्याच्या मांडीचा बाहेरचा लचका तोडून ती मागच्या कपाटात शिरली. तो लंगडला, पण पडला नाही. शिवी घालून त्याने शॉटगन तिच्याकडे वळवली. तेवढ्यात खाली पडलेल्या डेल्मरने, तोंडातून रक्त गळत असताना, हात वर करून शॉटगनची नळी पकडली आणि खाली ओढली. बार उडाला. डेल्मरचा उजवा हात कोपराखाली राहिला नाही. जे राहिलं ते मी सांगणार नाही.

मग दुसरी गोळी आली. मग तिसरी. मध्ये टक झालं नाही. पुंगळ्या पुढे उडून कपाटांवर आपटत होत्या. एक माझ्या ग्रेव्हीत पडली आणि चुरचुरली. लायल दाराला पाठ लावून बसला. पोटातून आणि गळ्यातून रक्त येत होतं, तरी तो पुढचं काडतूस भरण्यासाठी शॉटगनचा दट्ट्या एका हाताने मागे ओढायला बघत होता. तो ओढत होता आणि शॉना झाडत होती. तिचे डोळे आता सताड उघडे होते. तो थांबल्यावरही ती झाडत राहिली, मॅगझिन रिकामं होऊन बोल्ट उघडा राहिला तरी चाप ओढत राहिली. चाप नुसता मागे जात होता.

"शॉना, झालं," मी म्हणाले. "इकडे ये. बापाला धर."

मी एप्रनची नाडी फाडून डेल्मरच्या दंडाला बांधली आणि तीत ग्रेव्हीचा लाकडी चमचा घालून पिळत गेले, रक्त थांबेपर्यंत. शॉनाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तेही डाव्या हाताने, कारण उजवा हात तिला उचलता येत नव्हता. हाड पुन्हा मोडलं होतं. कोणत्या गोळीला मोडलं ते तिला सांगता आलं नाही. शेजारचा वेंडेल चाकांना साखळ्या बांधून ट्रॅक्टर घेऊन आला आणि त्या दोघांना गवताच्या गाडीत घालून घेऊन गेला. मी मागे राहिले, एका मेलेल्या माणसाबरोबर आणि करपलेल्या ग्रेव्हीबरोबर. बाहेर फांद्या मोडत होत्या. प्रत्येक धाडीला मी त्याच्याकडे बघत होते, उठतो की काय म्हणून.

खटला झाला नाही. शॉनाच्या खांद्यात धातूची पट्टी बसवली. डेल्मर वसंतात घरी आला आणि डाव्या हाताने खायला शिकला. पीठ चाळताना मला त्यातून एक पुंगळी मिळाली, तेव्हा तो म्हणाला, "बघ, कुठपर्यंत उडाली. एवढं हलकं ठेवलंस तू." तिथून ते भांडण सुरू झालं आणि वीस वर्षं चाललं. त्याची बाजू सरळ होती. जड वजन असतं तर शॉना दचकली नसती, पहिलीच गोळी छातीत गेली असती आणि त्याचा हात त्याच्यापाशी राहिला असता. माझी बाजूही सरळ होती. गार खोलीत उभी असलेली रायफल, दुकानातली काडतुसं, हातात नुसतं टक, आणि शॉना मेलेली. चवळी गार व्हायची आणि आम्ही दोघं तीच ती वाक्यं बोलायचो. आता ती वाक्यं कुणी बोलत नाही तर रविवार मोठा वाटतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात डेल्मरच्या फुप्फुसांनी दगा दिला. खाट खिडकीशी लावली होती. एका संध्याकाळी तो म्हणाला, "शॉना, ती रायफल आहे ना अजून?"

"आहे."

"माझं जड वजन घाल तिच्यात. डबा नको. दुकानातली काडतुसं. आणि ताईच्या फ्रीझरमध्ये ठेव रात्रभर, म्हणजे तिला बोलायला जागा नको. सकाळी इथं खिडकीमागे झाड. दोनच काडतुसं. मी ऐकतो."

"बाबा, आता कशाला?"

"मला जायच्या आधी कळू दे," तो म्हणाला, "हात कशासाठी गेला ते."

मी कॉफीच्या डब्यातून बफर काढला, कानाशी धरून हलवला आणि दस्त्यात घातला. सकाळी शॉना खिडकीमागे गेली. डेल्मरने उशीवर मान वळवली. मी पडद्याशी उभी होते.

एक गोळी सुटली. डेल्मर श्वास धरून दुसरीची वाट पाहत राहिला. दुसरी आली नाही.

शॉना बाहेर उभी होती, रायफल खाली धरून. मला ती कडेने दिसत होती. तिने मॅगझिन काढलं आणि हाताने बोल्ट मागे ओढला. नळीतून एक काडतूस गवतात पडलं, पितळी, भरलेलं, न झाडलेलं. बोल्टने ते उचललं नसतं तर ते नळीतून पडलंच नसतं. तिने वाकून ते उचललं, खिशात टाकलं आणि घरात आली.

"अडकली, बाबा," ती म्हणाली. "बोल्ट अर्ध्यातूनच परतला. दुसरं काडतूस आलंच नाही."

डेल्मरने डावा हात उरलेल्या कोपरावर ठेवला.

"म्हणजे ताईचं बरोबर होतं."

"हो, बाबा."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "मग उगीच नाही गेला."

त्या आठवड्यात तो गेला. त्या काडतुसाबद्दल शॉना माझ्याशी बोलली नाही, मीही तिला विचारलं नाही. जुनी स्प्रिंग ढिली होते आणि ढिली स्प्रिंग जड वजनालाही वाट देते, त्यामुळे वीस वर्षांपूर्वी काय झालं असतं ते त्या सकाळी कळलं असं मी अजूनही मानत नाही. डेल्मर असता तर हे ऐकून त्याने काटा रोखला असता. दफनाच्या दिवशी शॉनाने कपडे बदलून त्या सकाळचा सदरा माझ्या दाराशी टांगला होता. मी खिशातून ते काडतूस काढलं, शेडमध्ये नेलं आणि हॉलिसच्या कॉफीच्या डब्यात, त्या जड बफरशेजारी, ठेवून दिलं.